चौथा स्क्रू

बायको: थांबा, पायाला काहीतरी टोचलं. स्क्रू आहे. दारातच सांडून ठेवलेत होय?

किल्लीवाला: तू इतक्यात कशी आलीस? दवाखान्याच्या खिडक्या मोजायला गेली होतीस ना?

बायको: गेले होते. टेप इथंच राहिली, शिलाईच्या मशीनवर. पडद्यांची मापं काय वितीनं घेऊ? आणि ही दाराला खिडकी कुणी पाडली? आरपार रस्ता दिसतोय.

किल्लीवाला: कुलूप काढलंय. साफ करायला.

बायको: काल रात्री तर लोण्यासारखं फिरत होतं.

किल्लीवाला: आत धूळ बसते. बाहेरून कळत नाही. तू टेप घे आणि नीघ, तिकडे लोक खोळंबले असतील.

बायको: निघते. गुडघ्याखाली काय दडवलंय?

किल्लीवाला: कुठं काय?

बायको: उजवा गुडघा हलतोय तुमचा. खोटं बोलताना तो हलतो, हे लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय मला. द्या इकडे. हे कुलूप? अहो, हे तर गिऱ्हाइकानं मागितलं तरी तुम्ही देत नाही. केसातल्या पिनेनं उघडतं म्हणता.

किल्लीवाला: तात्पुरतं लावतोय.

बायको: स्वतःच्या दाराला? आपण इथं राहायला आलो तेव्हा घरात पंखा नव्हता, पण दाराला कुलूप होतं. तुम्ही चार रात्री बसून स्वतः घासून केलेलं. मला तर तेव्हा वाटलं होतं, या माणसाला आत खजिना ठेवायचाय.

किल्लीवाला: म्हणूनच काढलं ते.

बायको: म्हणूनच म्हणजे?

किल्लीवाला: ते कुणाला उघडणार नाही. मग ड्रिल लावणार. हल्लीची पोरं ड्रिल कशी लावतात, मी बघितलंय. कुलूप राहतं बाजूला, अख्खी फळी चिरते. चांगल्या लाकडाचं दार आहे गं. हे हलकं कुलूप असलं तर अर्ध्या मिनिटात उघडेल. ओरखडासुद्धा उठणार नाही.

बायको: आपलं दार कुणाला उघडायचंय?

किल्लीवाला: तू आधी बस.

बायको: मी उभीच बरी आहे. कुणाला उघडायचंय?

किल्लीवाला: बँकेला.

बायको: कुठल्या? तुम्ही ज्यांच्यासोबत लोकांच्या घरांची कुलपं तोडायला जाता, त्या?

किल्लीवाला: तोडत नाही मी. उघडतो, आणि नवीन बसवून देतो. आणि ती बँक वेगळी. आपलं घराचं कर्ज जिचं आहे ती.

बायको: पण हप्ता जातो की आपला. पडद्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला तुमच्या हातावर ठेवते मी.

किल्लीवाला: सहा महिने गेलेला नाही.

बायको: परत बोला.

किल्लीवाला: सहा. हा धरून.

बायको: मग माझे पैसे कुठं गेले?

किल्लीवाला: माडीवर.

बायको: माडीवर काय आहे? ती खोकी? ती तर कुठल्या तरी कंपनीनं ठेवायला दिलीत ना?

किल्लीवाला: विकत घेतलीत. आकडे दाबायची कुलपं आहेत त्यात. किल्ली करून घ्यायला हल्ली कोण येतं? दिवस दिवस टपरीत बसून असतो मी. म्हटलं, काळ बदलला, आपणही बदलावं. पण लोक मोठ्या दुकानातून घेतात, आणि बसवायला माणूसही दुकानाचाच येतो. माझ्याकडून एकच गेलं. तेही परत आलं. म्हाताऱ्याला आकडा आठवेना.

बायको: हसू नका.

किल्लीवाला: हसत नाहीये.

बायको: सहा महिने मी जेवायला वाढत होते तुम्हाला. सहा महिने "झाला का हप्ता" विचारत होते, आणि तुम्ही मान हलवत होता. ताकास तूर लागू दिली नाहीत. मी वर पुन्हा दवाखान्याचं काम घेतलं. म्हटलं, थोडे जास्त भरू, लवकर मोकळे होऊ. डोळे फोडून मी शिवायचं, आणि त्याची यांनी खोकी भरायची.

किल्लीवाला: सांगणार होतो.

बायको: कधी? नवीन कुलूप लावून झाल्यावर?

किल्लीवाला: एखादं मोठं काम मिळालं की सगळं एकदम भरून टाकीन आणि मग सांगीन, असं होतं डोक्यात. आधी दोन थकले होते. मग तीन. तीन झाल्यावर सांगणं जास्त अवघड झालं.

बायको: हे काय गुरगुरतंय? गादीखाली?

किल्लीवाला: फोन आहे. असू दे.

बायको: फोन गादीखाली कशाला?

किल्लीवाला: बँकवालेच करतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ. औषध दिल्यासारखे.

बायको: आणि तुम्ही उचलत नाही.

किल्लीवाला: उचलून काय बोलू? पैसे आहेत का? नाहीत. मग झालं बोलून.

बायको: बँकेत जाऊन भेटलात कुणाला?

किल्लीवाला: अगं, मला विचार ना. सगळं शहर मी या कामासाठी फिरलोय. मला माहितीये पुढं काय होतं. गाडी येते. दोघं पंच, एक साहेब नाहीतर मॅडम, एक हवालदार. घरातलं कुणीतरी हात जोडतं, कुणीतरी शिव्या देतं. साहेब कागद वाचून दाखवतो. मग मला म्हणतात, चला. मी खाली बसतो आणि उघडतो. आतल्या वस्तूंची यादी होते. बाहेरून नवीन कुलूप लागतं. एकदाही, एकदाही असं झालं नाही की साहेब म्हणाला, जाऊ दे, परत फिरू. मग मी कशाला जाऊन त्यांच्या पाया पडू? निदान दार तरी नीट राहू दे.

बायको: आणि आपण? दार नीट राहील, आपण कुठं राहायचं?

किल्लीवाला: दादाकडे मागची खोली आहे. मी बघून आलो.

बायको: बघून आलात. वा. माझं मशीन मावतं का तिथं? कापड कापायचं टेबल? मोजलंत का?

किल्लीवाला: ते नाही मोजलं.

बायको: मी लोकांच्या बाथरूमच्या झडपासुद्धा मोजून येते. आणि हा माणूस माझं घर मोडून नवं बघून आला, टेप न लावता. आणि वहिनींना काय सांगितलंत? हसल्या असतील गालातल्या गालात.

किल्लीवाला: तिला नाही सांगितलं. दादाला म्हटलं, सामान ठेवायला हवीये.

बायको: म्हणजे तिथंही थापच. गुडघा हलताना दादांनी पाहिला नसेल. आणि हे पायाशी काय? जिन्याखालची बादली बाहेर कशाला काढलीत?

किल्लीवाला: त्या घरांची जुनी कुलपं. काढलेली. बँक म्हणते फेकून द्या. फेकवत नाहीत. एखादं पितळी असतं, एखाद्याची किल्ली माझ्याच हातची असते. घरातलं लग्न, बारसं सगळं त्या कुलपानं बघितलेलं असतं. उकिरड्यात कसं टाकू?

बायको: आणि आपलंही यातच टाकणार होता.

किल्लीवाला: सगळ्यात वर ठेवणार होतो.

बायको: तुमचं हे बोलणं ऐकून मला रडावं की तुमच्या डोक्यात ही बादली घालावी, तेच कळत नाहीये.

मॅडम: आहे का कुणी घरात? दार सताड, त्याला कुलूप नाही. किल्लीवाल्याच्या घरी हेच बघायचं राहिलं होतं.

किल्लीवाला: मॅडम? तुम्ही इथं?

मॅडम: मग काय करणार? सकाळपासून फोन करतेय, तुम्ही उचलायचं नाव घेत नाही. टपरी बंद. शेवटी शेजारच्या पंक्चरवाल्याकडून पत्ता घेतला. काम आहे, निघायचंय. पंच गाडीत बसलेत, कोपऱ्यावर.

बायको: या ना, आत या. बसा.

किल्लीवाला: अगं, बसायला वेळ नाही त्यांना. मॅडम, मी पेटी घेतो आणि आलोच. ही माझी बायको. आणि या बँकेच्या मॅडम, ज्यांच्यासोबत मी ताब्याच्या कामांना जातो.

बायको: ओळखलं मी. बसा हो मॅडम. चहा ठेवते.

मॅडम: बसते. खरं सांगू? या नोकरीत घरं खूप बघते, पण बसा असं कुणी म्हणत नाही. आणि आजचं घर रिकामंच आहे. ते काही पळून जात नाही.

किल्लीवाला: रिकामं कसं?

मॅडम: माणसं गेली. महिना झाला. न सांगता, रातोरात. किल्ल्या टपालपेटीत टाकून गेली असतील म्हणून बघितलं, त्याही नाहीत. कोपऱ्यावरचं चांगलं घर, दोन बाजूंनी उजेड. वेळेत स्वतः विकलं असतं तर कर्ज फिटून चार पैसे हातात राहिले असते त्यांच्या. आता लिलावात जाईल मातीमोलानं, आणि फिटलं नाही तर उरलेलं कर्ज त्यांच्याच मानगुटीवर.

बायको: मॅडम, एक विचारू? रागावू नका. आमच्या शेजारी एक जण आहेत.

किल्लीवाला: अगं, चहाचं बघ ना.

बायको: उकळतोय. तर शेजारी. त्यांचे घराचे हप्ते थकलेत.

मॅडम: किती?

बायको: सहा.

मॅडम: नोटीस आली?

बायको: आली का हो?

किल्लीवाला: मला काय विचारतेस? शेजाऱ्यांची टपालं मी वाचतो का?

बायको: तुमची ऊठबस असते त्यांच्यात, म्हणून विचारलं.

किल्लीवाला: आलीय बहुतेक. एक. लाल शिक्का मारलेली.

मॅडम: त्यात मुदत लिहिलेली असते. ती संपली?

किल्लीवाला: नसावी. काही आठवडे असतील. शेजारी म्हणत होता.

मॅडम: मग हा शेजारी घरात बसून काय करतोय?

किल्लीवाला: कुलपं साफ करतोय. म्हणजे, काही ना काही करत असेल. मॅडम, उशीर होतोय, पंच वैतागतील.

मॅडम: पंचांना गाडीत गारवा आहे, ते झोपले असतील. बँकेत का गेला नाही हा?

किल्लीवाला: जाऊन काय उपयोग? तोंडावर सांगतो, माफ करा. इतकी वर्षं तुमच्या मागं पेटी घेऊन फिरतोय. एकाचं तरी घर वाचलेलं दाखवा मला. मी तरी बघितलं नाही.

मॅडम: तुम्हाला कसं दिसेल?

किल्लीवाला: का नाही दिसणार? प्रत्येक वेळी असतो मी.

मॅडम: अहो, जे वाचतात त्यांच्याकडे तुम्हाला कशाला नेऊ? त्यांचं कुलूप बदलायचंच नसतं.

बायको: परत सांगा मॅडम हे. यांना नीट ऐकू गेलं पाहिजे.

मॅडम: तुम्ही फक्त शेवट बघता. किल्लीवाल्याला बोलावतो ती आमची शेवटची पायरी. त्याच्या आधी माझ्या टेबलासमोर कितीतरी माणसं येऊन बसतात. कुणी रडतं, कुणी भांडतं, एकानं तर माझा पाण्याचा ग्लास फोडला होता. पण बसतात. त्यातली बरीचशी आजही आपापल्या घरात आहेत. त्यांच्या दाराचा रंगसुद्धा तुम्हाला माहीत नाही. सगळी वाचतात असं नाही, खोटं कशाला सांगू. पण दार लावून बसलेलं मात्र मी एकही वाचलेलं बघितलं नाही.

किल्लीवाला: हे मला कधी बोलला नाहीत.

मॅडम: तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही येता, खाली बसता, उघडता, पैसे घेता, जाता. मला वाटायचं, या माणसाला कुणाचंच काही वाटत नाही.

बायको: वाटतं मॅडम. बादलीभर वाटतं. ते असू दे. टेबलासमोर बसल्यावर होतं काय? म्हणजे शेजाऱ्यांना सांगायला.

मॅडम: पहिलं म्हणजे मुदत वाढवून मागायची. समजा कर्जाची दहा वर्षं उरलीत, ती पंधरा करून घ्या. महिन्याचा हप्ता खाली येतो. एकूण व्याज जास्त जातं, ते डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं.

बायको: म्हणजे आहे तेच कापड, चुण्या कमी घालायच्या.

मॅडम: तसंच काहीतरी. दुसरं, थकलेली रक्कम एकदम मागू नका, ती पुढच्या हप्त्यांत वाटून द्या, असं म्हणायचं. आजारपण असेल, धंदा बसला असेल, तर काही महिने फक्त व्याज भरायला परवानगी देतात कधी कधी. पण ती मागावी लागते, लेखी, आणि कारणाचा पुरावा लागतो. काय करतो तुमचा शेजारी?

बायको: हातावरचं काम आहे. गिऱ्हाईक कमी झालं.

मॅडम: घरात दुसरं कुणी कमावतं?

किल्लीवाला: तसं कुणी नाही.

बायको: तसं कुणी नाही?

किल्लीवाला: म्हणजे बायको शिवते. घरबसल्या.

बायको: घरबसल्या. आज दवाखान्याच्या तेवीस खिडक्या मी घरबसल्या मोजणार होते.

मॅडम: अहो, मग तिचं उत्पन्न दाखवायचं ना. दोघांच्या नावावर अर्ज गेला की बँकेला धीर येतो. बिलं देते ती? पावत्या आहेत?

बायको: सगळ्या. रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात. तारखेप्रमाणे लावून.

मॅडम: डब्यासकट घेऊन जायचं. आणि घरात एखादी वापरात नसलेली खोली असेल तर भाड्यानं द्यायची, तोही एक आधार होतो.

बायको: माडी आहे त्यांना. सध्या खोकी राहतात तिथं, भाडं न देता.

किल्लीवाला: पुरे की आता.

मॅडम: आणि यातलं काहीच झेपणार नसेल, तर शेवटचं. बँकेला सांगून, त्यांच्या परवानगीनं स्वतः घर विकायचं. जीव तुटतो, मला कळतं. पण स्वतः विकलेलं घर आणि लिलावात गेलेलं घर, यात फार फरक असतो. पैशाचाही असतो आणि मानेचाही. ताठ मानेनं भाड्याच्या घरात जाता येतं.

बायको: साखर किती घालू?

मॅडम: घाला दोन चमचे. आणि एक सांगा शेजाऱ्यांना. अशा वेळी वास काढत माणसं येतात. घर वाचवून देतो म्हणतात. आगाऊ रक्कम घेतात, कोऱ्या कागदावर सह्या घेतात, म्हणतात घर आमच्या नावावर करा, तुम्ही भाडेकरू म्हणून राहा, नंतर परत देऊ. परत कुणी देत नाही. त्यांना दारातूनच वाटेला लावायचं.

किल्लीवाला: नीट कपड्यातला असतो का असा माणूस?

मॅडम: फारच नीट. का?

किल्लीवाला: नाही, सहज.

बायको: मागच्या आठवड्यात आलेला तो? कोटवाला? तुम्ही म्हणालात कुलपांच्या कंपनीचा आहे.

किल्लीवाला: तो संध्याकाळी परत येणार आहे.

बायको: कशाला?

किल्लीवाला: सही घ्यायला.

मॅडम: कुणाची सही, किल्लीवाले? शेजाऱ्याची?

किल्लीवाला: शेजारीबिजारी कुणी नाही मॅडम. आमचंच आहे. माझंच आहे. हप्ते मी थकवले, नोटीस माझ्या नावावर आहे, पेटीत ठेवलीय, पान्याखाली. तुम्ही मला लोकांची घरं उघडायला नेता आणि इकडे माझंच उघडायची वेळ आलीय. तुमच्यासमोर मान वर करून कसं सांगणार होतो मी?

मॅडम: चहा घ्या आधी. निवतोय तो.

बायको: तुम्हाला कळलं होतं ना, मॅडम?

मॅडम: दाराला कुलूप नाही, नवऱ्याचा जीव थाऱ्यावर नाही, आणि गादी मघापासून दोनदा वाजली. मी वसुलीत आहे हो, आंधळी नाही. कुठली बँक? आमची नाही ना?

किल्लीवाला: नाही.

मॅडम: बरं झालं. आमची असती तर मला हा चहा सोडून उठावं लागलं असतं. आणि चहा चांगला झालाय.

बायको: त्या कोटवाल्याला काही दिलंत का?

किल्लीवाला: नाही. आज द्यायचं ठरलं होतं. दादाकडून उसने मागितले होते.

बायको: देवा. दादांना फोन करून नको म्हणून सांगा. कोटवाल्याला मी सांगते. कात्री हातात घेऊन सांगते.

किल्लीवाला: आता गेलो तरी चालेल का मॅडम? इतके फोन उचलले नाहीत. चिडले असतील.

मॅडम: चिडायला त्यांना पगार मिळत नाही. फोन करणारी मुलगी समोरच्या यादीतली नावं वाचत असते. तिला फक्त एवढंच हवं असतं की कुणीतरी उचलावा. उद्या नुसते हात जोडायला म्हणून नका जाऊ, हिशेब घेऊन जा. दोघं जा. नोटिशीला लेखी उत्तर द्या, त्याची पोच घ्या, शिक्क्यासकट. तोंडी काही ठेवायचं नाही.

किल्लीवाला: पहिलं वाक्य काय बोलायचं? मला सुरुवातच सुचत नाही. कुलूप असलं की हात आपोआप जातो. माणसाचं तसं नसतं.

मॅडम: नाव सांगायचं. मग म्हणायचं, मला कर्ज फेडायचंय, पण एवढा हप्ता झेपत नाही, भेटायला कधी येऊ? बस. "बघतो" म्हणायचं नाही, "भरतो लवकर" तर अजिबात नाही. आम्हाला रोज शंभर जण "भरतो लवकर" म्हणतात.

बायको: आणि नाही ऐकलं त्यांनी तर?

मॅडम: तर वरच्या साहेबाकडे जायचं. तिथंही नाही जमलं, तर घर स्वतः विकायचं, आणि माझ्याकडे या, वकील सांगीन चांगला. हमी मी देऊ शकत नाही, बाई. मला एवढंच माहितीये की तुमच्याकडे अजून दिवस आहेत. आज ज्या घरी चाललोय, त्यांच्याकडेही होते. मी स्वतः तीनदा गेले होते त्या दारात. आत दिवा दिसायचा. उघडलं नाही कुणी.

किल्लीवाला: आत असायचे?

मॅडम: असायचे. पावलं ऐकू यायची.

किल्लीवाला: मीही तेच करतो. बेल वाजली की पंखा बंद करतो.

बायको: म्हणून तुम्हाला मध्येच थंडी वाजायची होय.

मॅडम: गादी वाजतेय परत.

बायको: घ्या.

किल्लीवाला: आत्ता? तुमच्या दोघींसमोर?

बायको: आमच्यासमोरच. एकट्यानं सहा महिने केलंत, काय दिवे लावलेत ते बघितले.

किल्लीवाला: आणि बोलता बोलता अडलो तर?

बायको: तर माझ्याकडे बघा. मी इथंच उभी आहे. मला तुमचा राग आलाय, अजून खूप दिवस राहील, माडीवरची खोकी विकली जाईपर्यंत तर नक्कीच. पण मी कुठं चाललेली नाही. उचला.

किल्लीवाला: हॅलो. हो. हो, मीच बोलतोय. नाही उचलला, माझं चुकलं ते. ऐका ना, मला कर्ज फेडायचंय. एवढा हप्ता झेपत नाही. भेटायला यायचंय, मी आणि माझी बायको. तीही कमावते. पडद्यांचं काम आहे तिचं, मोठं. पावत्या आहेत. हो, सगळ्या. थांबतो ना, थांबतो. साहेबांची वेळ बघून सांगते म्हणाली. गाणं लावलंय.

मॅडम: आमच्याकडेही तेच आहे. कंटाळून ठेवू नका, लोक तिथंच ठेवतात.

बायको: तोवर कुलूप लावून घ्या. मला दवाखान्यात जायचंय, तुम्हाला मॅडमसोबत. दार असं टाकून कसं जाणार?

किल्लीवाला: कुठलं लावू?

बायको: हे मला विचारताय?

किल्लीवाला: जड आहे ते. एका हातानं नाही बसायचं. फोन खांद्यात धरतो. मॅडम, एवढं जरा आतून दाबून धराल? आणि हे स्क्रू घ्या हातात, एकेक द्या मला.

मॅडम: इतकी वर्षं नोकरी केली, हे पहिल्यांदाच करतेय. ऑफिसात सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

किल्लीवाला: थोडं डावीकडे. हां, बसलं. द्या. दुसरा. हॅलो? नाही, गाणंच आहे अजून. तिसरा द्या.

मॅडम: हा घ्या. संपले.

किल्लीवाला: चार होते. एक मघाशी सांडला, दारातच असेल कुठंतरी. तो नसला तर हे हलत राहील. हॅलो, हो, आहे, लाइनवरच आहे मी. बोला. नाही, नाही, घर सोडलेलं नाही. घरातूनच बोलतोय.

बायको: खाली नका वाकू, फोन पडेल. तो स्क्रू मी आले तेव्हापासून माझ्या मुठीत आहे. तुम्ही बोला.